बाबांनी मदतनिसाला घराबाहेर काढलं. आता दुसरं माणूस ठेवावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ७८ वर्षांचे, आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केलेले. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आई ७२ वर्षांची, रात्री सतत झोपमोड होऊन थकलेली. तिला आराम मिळावा म्हणून तुम्ही दिवसभरासाठी एका बाईंना मदतीला ठेवलं. चौथ्या दिवशी ‘हिने माझं पाकीट चोरलं’ म्हणत बाबांनी त्यांना बाहेर काढलं. बाबा आंघोळीला तयार होत नाहीत आणि संध्याकाळ झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी जातात. दुसरं माणूस शोधावं की हा विचारच सोडावा, शोधलं तर त्याला काय सांगावं, आणि घरी कुठवर निभावता येईल, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

विचार सोडू नका. दुसरं माणूस शोधा, पण सुरुवात वेगळी करा. मी आधी परिचारिका म्हणून अशा घरांमध्ये काम केलं आणि आता बरीच वर्षं मदतनिसांना शिकवते आहे. पहिल्या आठवड्यातच मदतनीस सोडून गेला किंवा त्याला घालवून दिलं, अशा घरांची हकीकत ऐकली की बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते. नवं माणूस सकाळी आलं आणि त्याच सकाळी आंघोळ, कपडे, शौचाला नेणं हे सगळं त्याच्याकडे गेलं. म्हणजे ओळख व्हायच्या आधीच अंगाला हात लागला. तुमच्या वडिलांच्या जागी धडधाकट माणूस असता तरी त्याने हेच केलं असतं. त्यांनी जे केलं त्यात आजाराचा वाटा आहेच, पण स्वतःचा मान राखण्याचाही आहे, आणि तो मान अजून शाबूत आहे ही चांगली गोष्ट आहे.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या ज्या भागात नवी आठवण तयार होते, त्याला सुरुवातीलाच इजा होते. म्हणून काल आलेलं माणूस आज पुन्हा परकं असतं. पण आठवण पुसली म्हणून मनात उमटलेली भावना पुसली जात नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासात अल्झायमर झालेल्यांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांनी चित्रफितीत काय होतं ते बहुतेकांना सांगता येत नव्हतं, पण ते दुःख किंवा तो आनंद त्यानंतरही त्यांच्या मनात टिकून होता. अभ्यास लहान होता, पण ज्यांनी हे काम हाताने केलं आहे त्या कोणालाही तो पटेल. बाबांना मदतनिसाचं नाव लक्षात राहणार नाही. हा माणूस आला की बरं वाटतं की अंगावर आल्यासारखं वाटतं, हे मात्र राहील. पहिले पंधरा दिवस तुम्हाला एवढंच कमवायचं आहे.

त्यासाठी सुरुवात रोज दोन तासांनी करा. बाबांचा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ कोणता ते आईला विचारा. बहुतेकांचा तो सकाळचा, पोट भरल्यानंतरचा असतो. रोज तीच वेळ, तेच माणूस. या दिवसांत तुम्ही किंवा आई घरात असाच. मदतनिसाने बाबांच्या शेजारी बसावं, त्यांच्याबरोबर फेरी मारावी, त्यांना काही काम विचारावं. आंघोळ नाही, कपडे नाहीत, औषधही नाही. बाबा हिशेबनीस होते, तर सुटी नाणी वेगळी करणं, जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावणं, कोऱ्या वहीत रकाने आखणं ही कामं त्यांच्या हातांना अजून येत असतील, कारण वर्षानुवर्षांच्या सवयीची स्मृती उशिरा जाते. मदतनिसाने त्यात त्यांचा हाताखालचा माणूस व्हावं. ‘साहेब, हे बरोबर लावलंय का?’ असं विचारलं की बाबा सांगणारे होतात आणि मदतनीस ऐकणारा. ते नातं एकदा बसलं की पुढचं पुष्कळ सोपं जातं. बेरजा चुकल्या तरी दुरुस्त करू नका.

ओळख काय म्हणून करून द्यायची, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. ‘हा तुमची काळजी घ्यायला आलाय’ असं सांगितलं तर ‘मला काय झालंय?’ हेच उत्तर येणार. आजार झाला आहे हे न कळणं हाही याच आजाराचा भाग आहे. तो हट्ट नाही, त्यावर वाद घालून उपयोग होत नाही. ‘आईला घरात मदत हवी होती म्हणून हा येतोय’ असं म्हणा. ते खोटंही नाही. सोयीसाठी रोज नवनवी कहाणी रचायच्या मी विरुद्ध आहे, कारण घरातले चार जण चार गोष्टी सांगतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बाबांना बरोबर कळतो. एक साधं, खरं वाक्य ठरवा आणि सगळ्यांनी तेच बोला.

माणूस निवडताना प्रमाणपत्र जरूर बघा, आधीच्या दोन घरांशी बोला, पण माझा खरा भर एका प्रश्नावर असतो: ‘त्यांनी आंघोळीला नाही म्हटलं तर तुम्ही काय कराल?’ ‘थोडं थांबून परत विचारेन’, ‘का नको म्हणतात ते बघेन’ असं उत्तर आलं तर पुढे बोला. ‘काळजी करू नका, मी करून घेतो’ असं आलं तर आभार मानून थांबा. करून घेणाऱ्या हातांनीच मनगटावर वळ उठतात. बाबांना परक्या स्त्रीसमोर कपडे काढायचा संकोच वाटत असेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसं दिसतं, तर या वेळी पुरुष मदतनीस बघा. सावकाश बोलणारा, घाई न करणारा. तरतरीत आणि झपाझप काम उरकणारं माणूस इतर रुग्णांसाठी वरदान असेल, या आजारात मात्र त्याच्या वेगानेच माणूस घाबरतो.

‘काय सांगावं’ या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की आजाराबद्दल कमी सांगा आणि बाबांबद्दल जास्त. एक पान लिहून काढा आणि मदतनिसाबरोबर बसून वाचा. त्यांना कशी हाक मारलेली आवडते. लोक त्यांना कोणत्या नावाने ओळखत होते. भावंडांची नावं, आणि त्यातली कोण हयात नाहीत. कुठल्या विषयाने चेहरा खुलतो आणि कुठला काढायचाच नाही. कोणत्या कानाने बरं ऐकू येतं. चष्मा आणि कानाचं यंत्र कधी लावायचं. सकाळी आधी दाढी की आधी दात. लघवीला जायचं असलं की ते काय करतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. बोलून सांगता येत नाही तेव्हा कोणी पँटच्या पट्ट्याशी चाळा करतं, कोणी येरझाऱ्या घालतं, कोणी चिडतं. पत्नीला ते वर्षानुवर्षांच्या सहवासातून कळतं, पण तिने कधी शब्दांत मांडलेलं नसतं. हे पान लिहायला आईला बरोबर घ्या. तिच्याकडचं ज्ञान दुसऱ्याच्या हाती जाईल तेव्हाच तिला खरी विश्रांती मिळेल.

आता आंघोळ. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त भांडणं न्हाणीघराच्या दारात होतात. बाबांच्या बाजूने बघा: थंड, गुळगुळीत फरशीची छोटी खोली, आवाज घुमतो, कोणीतरी कपडे काढतंय, अचानक डोक्यावर पाणी पडतं. हे सगळं कशासाठी चाललंय ते समजत नाही. पाणी किती खोल आहे किंवा किती गरम आहे याचा अंदाज मेंदूला नीट बांधता येत नाही. म्हणून आधी खोली ऊबदार करा, टॉवेल आणि कपडे हाताशी ठेवा, बसायला पक्की खुर्ची ठेवा, भिंतीला धरायला दांडा बसवा. पाण्याचा गरमपणा मदतनिसाने स्वतःच्या कोपराने बघावा. डोक्यावरून पाणी घेऊ नका. पायांपासून सुरुवात करून वर या आणि डोकं दुसऱ्या दिवशी धुवा. एक टॉवेल सतत अंगावर राहू द्या आणि जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करा. बाबांच्या हातात ओला रुमाल द्या आणि ‘तोंड पुसा’ म्हणा. हात चालत नसेल तर मदतनिसाने आपला हात त्यांच्या हाताखाली घालून तो हलवावा, म्हणजे काम आपणच करतोय असं त्यांना वाटतं. दाढीला आणि जेवणालाही हीच रीत.

आणि रोज आंघोळ हवीच हा आग्रह सोडा. आठवड्यातून दोनदा नीट आंघोळ, बाकीचे दिवस तोंड, काखा, जांघा आणि पाय ओल्या कापडाने पुसणं, एवढ्याने त्वचा चांगली राहते. अगदीच नको म्हणत असतील तर पलंगावरच टॉवेलची आंघोळ घालता येते: नंतर धुऊन काढावा न लागणाऱ्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात मोठा टॉवेल भिजवून पिळायचा, तो अंगावर पांघरायचा आणि त्यावरूनच हलक्या हाताने चोळायचं. अमेरिकेतल्या १५ शुश्रूषागृहांमध्ये (वृद्धांना कायमचं ठेवून घेऊन त्यांची देखभाल करणाऱ्या संस्थांमध्ये) झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, माणसाच्या कलाने घातलेली आंघोळ आणि ही टॉवेलची आंघोळ, दोन्हींमुळे आंघोळीच्या वेळचे मारण्या-ढकलण्याचे प्रकार निम्म्याहून खाली आले. त्यासाठी औषध वाढवावं लागलं नाही, पद्धत तेवढी बदलली. ते ‘नको’ म्हणाले तर मदतनिसाने लगेच मागे व्हावं, वीस मिनिटांनी दुसऱ्याच विषयाने सुरुवात करावी. हात उगारला तर मनगट धरायचं नाही, हातभर मागे सरायचं आणि आवाज खाली आणायचा. पाठीमागून कधीही हात लावायचा नाही. नेहमी समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, नाव घेऊन.

पाकिटाबद्दल. जी गोष्ट ठेवल्याचं आठवत नाही, ती कोणीतरी नेली असं मेंदू ठरवतो, आणि घरातलं सगळ्यात नवं माणूस समोर असतंच. ‘मी नाही घेतलं’ आणि ‘तुम्हीच कुठेतरी ठेवलंत’ ही दोन्ही वाक्यं आगीत तेल ओततात. ‘पाकीट सापडत नाही? मग काळजी वाटणारच. चला, शोधूया’ म्हणायचं आणि खरोखर बरोबर शोधायचं. सापडलं की ‘मी सांगत होतो ना’ म्हणायचं नाही. बाबांची लपवायची ठिकाणं ठरलेली असतील, त्यांची यादी त्या पानावर लिहा. तसंच दिसणारं दुसरं पाकीट, थोडे सुटे पैसे घालून, घरात ठेवा. हिशेबनिसाच्या हाताला पाकीट लागणं ही त्याच्यासाठी मोठी आश्वस्त करणारी गोष्ट असते.

पण याची दुसरी बाजूही लिहायला हवी. आजार आहे म्हणून त्यांची प्रत्येक तक्रार खोटी ठरत नाही. मौल्यवान वस्तू आणि मोठी रक्कम पहिल्या दिवसापासून कुलपात ठेवा, त्यांची यादी करा. असं केलं की खरी चोरी लगेच कळते आणि प्रामाणिक मदतनिसावर उगाच आळ येत नाही. एखाद्या ठरावीक माणसासमोरच बाबा आक्रसत असतील, अंगावर न समजणारे वळ दिसत असतील, वजन उतरत असेल, तर तुम्ही चौकशी केलीच पाहिजे. घरात कॅमेरा लावणार असाल तर मदतनिसाला आधी सांगा, आणि न्हाणीघर किंवा कपडे बदलायच्या खोलीत तो कधीही नको. आधीच्या ज्या बाई गेल्या त्यांनाही एक फोन करा, त्यांचे चार दिवसांचे पैसे द्यायचे राहिले असतील तर द्या आणि चोरीचा आळ आजारातून आला होता हे स्पष्ट सांगा.

संध्याकाळचं ‘मला घरी जायचंय’ ऐकून आईच्या काळजाला घरं पडत असतील, कारण हे घर तिने त्यांच्याबरोबर उभं केलं आहे. ‘हेच तुमचं घर आहे’ असं समजावून सांगितलं की बाबा अधिक घाबरतात, कारण त्यांच्या लेखी परकी माणसं त्यांना अडवत असतात. ते बहुतेक वेळा सांगत असतात की इथे मला सुरक्षित वाटत नाही, बरं वाटत नाही. आधी शरीराकडे बघा: लघवी लागली आहे का, भूक-तहान आहे का, कुठे दुखतंय का, दिवसभर खूप आवाज-माणसं झाली का. मग ‘घरी कोण कोण आहे?’ असं विचारा आणि ऐका. थोडं बाहेर चालून या आणि दुसऱ्या बाजूने परत या. परत येताना पुष्कळांचा विषय निवळलेला असतो. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासावर आणा, सकाळी उजेडात फिरवा, आणि काळोख पडायच्या बराच आधी घरातले सगळे दिवे लावा. संधिप्रकाशात सावल्या लांब होतात आणि खिडकीच्या काचेत माणसं दिसायला लागतात. तुमच्या मदतनिसाचे तास ठरवताना मी त्याला सकाळी आठला बोलावण्याऐवजी दुपारी उशिरापासून रात्री जेवण होईपर्यंत ठेवण्याचा विचार करेन, अर्थात ओळख जमल्यानंतर. सकाळी आई ताजी असते; संध्याकाळी तिच्याजवळ काहीच उरलेलं नसतं आणि बाबांना त्याच वेळी सगळ्यात जास्त मदत लागते.

दाराबाहेर गेलेच तर काय, याची तयारी आजच करा: अलीकडचा फोटो फोनमध्ये, बाबांच्या कपड्यात किंवा मनगटावर तुमचा नंबर, शेजाऱ्यांना कल्पना, दार उघडलं की वाजणारी घंटा. शोधायची वेळ आली तर आधी जवळचा परिसर आणि त्यांच्या जुन्या वाटा, आणि पोलिसांना कळवायला थांबू नका. बाबांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावून कधीही जाऊ नका. आग लागली तर त्यांना बाहेर पडता येणार नाही.

मदतनिसाच्या हातात एक वही द्या. काही झालं तर तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय चाललं होतं, काय झालं, आणि कशाने शांत झाले. त्याखाली पाणी किती प्यायले, शौचाला झालं का, झोप किती. दोन आठवड्यांत त्यातून आकार दिसायला लागतो. एका घरात चिडचिडीचे सगळे प्रसंग शौच न झालेल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे निघाले; बद्धकोष्ठतेवर उपाय झाला आणि भांडणं जवळजवळ थांबली.

दुखणं तर फारच दुर्लक्षित राहतं. दात, गुडघे, पाठ, घट्ट बूट, वाढलेली नखं. माणूस ‘दुखतंय’ म्हणत नाही, तो मारतो किंवा ओरडतो. नॉर्वेतल्या शुश्रूषागृहांमध्ये ३५२ जणांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक दिलं, त्यातल्या बहुतेकांना फक्त पॅरासिटामॉल. त्या गटातली अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. डॉक्टरांना हे विचारा: ‘यांना कुठे दुखत असेल का?’ तपासताना उभं करून, चालवून, तोंड उघडून बघायला सांगा.

आणि एक गोष्ट मदतनिसाला पाठ करायला लावा. अल्झायमर महिन्या-वर्षांच्या गतीने, हळूहळू वाढतो. काल ठीक असलेले बाबा आज अचानक गुंगीत आहेत, बरळताहेत, दिवसभर कमीजास्त होतंय, कोणालाच ओळखत नाहीत, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसायचं नाही. तो बहुधा तीव्र संभ्रम असतो आणि त्यामागे लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, पडून डोक्याला लागलेला मार किंवा नवं औषध असतं. त्याच दिवशी डॉक्टर.

औषधांबद्दल थोडक्यात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमान्टिन ही औषधं आजार थांबवत नाहीत, काहींमध्ये काही काळ थोडं सावरून धरतात. डोनेपेझिलने मळमळ, जुलाब होऊ शकतात, नाडी मंदावू शकते, रात्री घेतलं तर काहींना विचित्र स्वप्नं पडतात. तसं असेल तर वेळ बदलण्याबद्दल विचारा. सर्दीच्या आणि झोपेच्या काही साध्या गोळ्यांनी, विशेषतः डायफेनहायड्रामिन असलेल्या, गोंधळ वाढतो, त्यामुळे मनाने काही देऊ नका. चिडचिडीवर दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये इशारा दिला की स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं. कधीकधी ती लागतातही, पण कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी आणि ‘बंद कधी करायची’ हे पहिल्याच दिवशी विचारून. बाबांना नसलेली माणसं, प्राणी अगदी स्पष्ट दिसत असतील किंवा अंग ताठ होत असेल, तर ते आवर्जून सांगा. ही लेवी बॉडी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशाची लक्षणं असू शकतात आणि त्यात ही औषधं फार घातक ठरू शकतात.

घरात बदल करायचे तर रात्रीच्या वाटेपासून करा: पलंग ते शौचालय मंद दिवे, वाटेतल्या सतरंज्या आणि वायरी दूर, शौचालयाचं दार उघडं आणि आत दिवा. शौचालयाची बैठक फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची असली की ती दिसते. गॅसला आपोआप बंद होणारी झडप, औषधं आणि साफसफाईची रसायनं कुलपात. आरशातल्या माणसाशी भांडत असतील तर आरसा झाका. गाडी चालवत असतील तर ते थांबायलाच हवं, आणि ते तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेलं बरं. बँकेची आणि कायदेशीर कागदपत्रं ते समजून सही करू शकतात तोवर उरका. तुमच्याकडे त्यासाठी फार वेळ नाही.

खाताना ते नीट ताठ बसलेले असावेत, घास लहान, एका वेळी एकच पदार्थ समोर, टीव्ही बंद. बोस्टनमधल्या एका छोट्या अभ्यासात प्रगत अल्झायमर असलेल्यांना पांढऱ्याऐवजी गडद रंगाच्या भांड्यांतून अन्न-पाणी दिलं तर खाणं सुमारे २५ टक्के आणि पिणं तब्बल ८४ टक्के वाढलं. पांढऱ्या ताटातलं पांढरं अन्न त्यांना दिसतच नसतं. तहान कळत नाही, म्हणून ‘पाणी हवंय का?’ विचारू नका, पेला हातात द्या आणि स्वतःही एक घोट घ्या. जेवताना ठसका लागायला लागला, आवाज ओलसर यायला लागला, तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

मदतनीस टिकावा असं वाटत असेल तर त्याच्या कामाची हद्द आधी ठरवा. बाबांकडे बघायला आलेल्या माणसाकडून घरभर झाडलोट आणि सगळ्यांचा स्वयंपाक अपेक्षित असेल तर बाबा खुर्चीत एकटे बसतील. तास, सुट्टी, जेवणाची वेळ, आजारी पडला तर बदली कोण, हे लिहून ठेवा. एकाच माणसाला चोवीस तास ठेवून ‘रात्री लक्ष दे’ म्हणणं मला मान्य नाही. झोपेविना कोणीही सौम्य राहत नाही. रात्रीही जागं माणूस लागत असेल तर ते दुसरं हवं. बाबांनी मारलं, घाणेरडं बोलले, तर मदतनिसाला ते तुमच्याशी मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. आणि एका बदली माणसाची ओळख आत्तापासून, महिन्यातून एक-दोन दिवस, करून देत राहा.

आईबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मदतनीस घरी असताना ती शेजारच्या खोलीत बसून कान देऊन असेल तर तिला विश्रांती मिळत नाही आणि बाबाही तिलाच हाका मारत राहतात. पहिले पंधरा दिवस झाले की त्या वेळात तिने घराबाहेर पडायचं: मैत्रीण, वाचनालय, स्वतःची तपासणी, नुसती झोप काढायची असली तरी तुमच्या घरी. तिला अपराधी वाटेल, ‘माझं काम दुसरा करतोय’ असंही वाटेल. तिला सांगा की अंग धुणं दुसऱ्याला जमतं, त्यांच्या शेजारी बायको म्हणून बसणं तिलाच जमतं, आणि त्यासाठी तिच्यात काही शिल्लक राहायला हवं. न्यूयॉर्क विद्यापीठाने ४०६ पती-पत्नी काळजीवाहकांवर अनेक वर्षं एक अभ्यास केला. ज्यांना घरच्यांसह समुपदेशन, आधारगट आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला मिळाला, त्यांचा जोडीदार शुश्रूषागृहात जाण्याची वेळ सरासरी दीड वर्षाने लांबली; हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आधार काळजीवाहकाला मिळाला आणि रुग्ण घरी राहिला. भावंडं असतील तर त्यांना एकदा बसवून कामं वाटा, आणि लांब राहणाऱ्याला निदान पैशांचा आणि डॉक्टरांच्या वेळांचा भार द्या. ‘काही लागलं तर सांग’ याने आईचं एकही काम कमी होत नाही.

घरी कुठवर निभावता येईल, हे वर्षांत सांगता येत नाही. मी या खुणा बघते: बाबांना उठवायला प्रत्येक वेळी दोन माणसं लागू लागली, पुन्हा पुन्हा पडणं, आईला मार बसणं, दोन माणसं ठेवूनही रात्री कोणालाच झोप न मिळणं, किंवा आईची स्वतःची तब्येत ढासळणं. यातल्या दोन गोष्टी एकदम आल्या तर संस्थेचा विचार करा, आणि त्याला टाकून देणं म्हणू नका. तशी वेळ यायच्या आधीच दोन-तीन ठिकाणं बघून ठेवा, आधी न सांगता आणि संध्याकाळच्या वेळी. तिथल्या कर्मचाऱ्यांनाही तो आंघोळीचाच प्रश्न विचारा, आणि बाबांना तिथे ठेवावं लागलं तर त्यांच्याबद्दलचं ते पान पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.